मानशीचं दार

चष्म्यांची पेटी लोंढ्याच्या मालधक्क्यावर अडकली होती.
दोनशे चौदा चष्मे, नंबरवारी बांधलेले,
आणि यादी माझ्याकडे,
कारण यादी नेहमी माझ्याकडेच असते.
नगरहून आम्ही सातजण आलो होतो
सांत इस्तेव्हच्या बेटावर, दहा दिवसांसाठी.
आंधळ्यांना दृष्टी द्यायला,
असं पाळकसाहेब निरोपाच्या उपासनेत म्हणाले
तेव्हा मी मान डोलावली होती, जरा जास्तच.

तीन दिवस एसटीडी बूथवर उभा राहिलो.
चौथ्या दिवशी प्रार्थनेतही फोनच लावला:
प्रभू, पावती क्रमांक अमुक, वाघीण क्रमांक तमुक,
तुझ्या इच्छेप्रमाणे होवो,
पण गुरुवारच्या आत.
शेजारी करुणाबाई डोळे मिटूनच हसल्या.

कपेलाच्या ओसरीवर बायका येऊन बसत.
"आयली?"
नाही आली.
"येतली," म्हणत, आणि घरी जात नसत.
एकीनं कंटाळून सुई-दोरा पुढे केला,
चष्मा नाही तर निदान हे तरी कर म्हणाली.
मी ओवून दिला.
मग गावातल्या सगळ्या सुया आल्या.
पुण्यात दृष्टिविज्ञान शिकलेला आमचा पौलस ओहोळ
दिवे लागेपर्यंत दोरे ओवत होता.

इनासिन्याबाईंनी मात्र सुई आणली नाही.
पदराखालून पाकीट काढलं,
मुलगा जहाजावर, पत्र पाच महिन्यांचं,
न फोडलेलं.
शेजारणींना दिलं असतं तर गावभर झालं असतं.
"तुका कळना न्हय? मागीर तूंच वाच."

अक्षरं रोमी, भाषा कोकणी, वाचणारा नगरचा.
एक्स आला की मी अडखळायचो,
"श म्हण, पुता, श,"
आणि मी श म्हणून पुढे जायचो
अंधारात पायरी चाचपत जावं तसा.
निम्मं कळलं नाही.
एक ओळ तिनं तीनदा वाचायला लावली.
त्या ओळीत काय होतं, मला आजही माहीत नाही.
तिला होतं.
माझ्याच तोंडून आलेली गोष्ट
माझ्या डोक्यावरून जाऊन
बरोबर तिच्यापाशी उतरत होती,
आणि हा हिशेब कुठल्या यादीत मांडावा
ते मला सुचेना.

त्या रात्री रोझारनं मला बांधावर नेलं, मानस दाखवायला.
खाजणाच्या तोंडाशी लाकडी दार,
ना कडी, ना मूठ.
भरती आली की पाणीच ते लावून घेतं,
ओहोटी लागली की पाणीच उघडतं,
आणि कंदिलाच्या उजेडात कोळंबी जाळ्यात येते.
"मग तुम्ही काय करता?"
"बसतो."
"म्हणजे, काम काय?"
"बसतो म्हटलं ना."
भरती होती. मी वाकून दार ढकलून पाहिलं.
खांदा लावला. चप्पल चिखलात गेली.
तो विडी ओढत म्हणाला,
"ढकल, ढकल. अजून दोन तास आहेत."

पेटी आली आम्ही निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.
मी रडलो नाही, चिडलो. हे खरं सांगायला हवं.
बेळगावपर्यंत कुणाशी बोललो नाही.

नाताळच्या आधी एक पाकीट आलं,
आत रोमीतली सोळा ओळींची चिठ्ठी,
मोठी, वाकडी, नव्या चष्म्याची अक्षरं.
स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचली.
एक्स आला तिथे श म्हणालो.
बायकोनं विचारलं, काय लिहिलंय?
म्हटलं, थांब,
अजून वाचतोय.